तिप्याची चाल

"परत थांबला," मी म्हटलं आणि खेळाची डबी तेंडोलकरांच्या पुढ्यात आदळली. "बघा, बघा. तुमचा लंगड्या तळ्याच्या काठावर पुतळा होऊन उभाय."

तेंडोलकरांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि छोट्या पडद्यात डोकं घातलं. हिरव्यागार तळ्याच्या काठावर त्यांचा जांभळा, गोल डोळ्यांचा, तीन पायांचा प्राणी उभा होता. हलत नव्हता, डुलत नव्हता.

"लंगड्या म्हणू नका," ते म्हणाले.

"मग काय म्हणू? दोन पावलं टाकतो, अडखळतो, परत दोन पावलं. आणि तळं आलं की गपगार. आख्खा खेळच अडकून बसतो. आठवडा झाला मी हेच लिहून देतेय."

"बघतो."

"बघतो-बघतो करत दसरा आला की सर!"

ते परत आपल्या पडद्यात शिरले. त्यांची हीच गोष्ट मला खपत नसे. माणसाने भांडावं तरी, नाहीतर ऐकावं तरी.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. कोल्हापूरच्या उद्यमनगरात दिलीपदादा बाबरांचा लेथचा कारखाना होता, आणि त्याच्या माडीवर आमचं ऑफिस. खाली लोखंड कातलं जायचं आणि वर आम्ही खेळ बनवायचो. पाहुण्यांना सांगितलं तर हसायचे. माझी आई तर शेजारपाजारी सांगायची, "चारू कंपनीत आहे," आणि लगेच विषय बदलायची. लग्नाच्या वयाची पोरगी दिवसभर खेळते आणि त्याचा पगार घेते, हे कुणाला सांगणार?

पण माझं काम तेच होतं. खेळ खेळायचा, तो कुठे अडतो ते शोधायचं आणि ज्याने बनवला त्याच्या मागे लागायचं. भांडायला मी लहानपणापासून पटाईत. देवाने काम बघून माणूस घडवला होता.

परदेशातल्या एका कंपनीचा कॉम्प्युटरवरचा खेळ तेव्हा फार गाजत होता. त्यात आपला प्राणी आपणच घडवायचा. तोंड, शेपूट, डोळे, पाय, हवे तितके घ्यायचे आणि हवे तिथे चिकटवायचे. मग त्या प्राण्याला जगात सोडायचं, खाऊ घालायचं, तळी-डोंगर पार करवायचे. तोच खेळ हातात मावणाऱ्या, घडी होणाऱ्या एका छोट्या यंत्रात बसवायचं काम दादांनी मिळवलं होतं. त्या यंत्राला आम्ही डबी म्हणायचो. उघडमीट अगदी चुन्याच्या डबीसारखी.

आता लग्नाच्या पंगतीचा स्वयंपाक टिफिनात भरायचा म्हटल्यावर काय होणार? निम्मं बाहेर राहतं. पंख गेले, शिंगं गेली, पाण्याखालचं जग गेलं. चालण्याची चित्रं दोन पायांची आणि चार पायांची, एवढीच बसली. तीन पायांच्या चालीला जागाच उरली नाही. पण पाय जोडायच्या पानावर तीनचा आकडा तसाच राहून गेला होता. मग तीन पायांचा प्राणी चार पायांची चाल उसनी घ्यायचा. चौथ्या पायाची पाळी आली की त्या नसलेल्या पायाची वाट बघत क्षणभर थांबायचा. तळ्यात तर पहिला पाय टाकायचा तो नेमका चौथाच. तो येणार कुठून? राहायचा उभा.

उपाय साधा होता. तीनचा आकडा काढून टाकायचा. प्रोग्रामातल्या एका ओळीचं काम. आणि तेंडोलकर, जे एरवी सांगण्याआधी काम करून मोकळे होत, ते याच एका ओळीला हात लावत नव्हते.

दादा जिना चढून वर आले, हात पुसत. कपाळाला अष्टमीचं गंध होतं. "काय चारू, काय दंगा लावलाईस? खाली लेथच्या आवाजात बी तुझाच आवाज."

मी सगळं सांगितलं. दादांनी डबी हातात घेऊन उलटसुलट केली.

"तेंडोलकर, मग काढा की ते तीन पाय. परवा दुपारी माल त्यांच्या हातात पायजे. मीच शब्द दिलाय, दसऱ्याचा मुहूर्त म्हणून."

"आणि उद्या खंडेनवमी," मी म्हटलं.

दादांनी जीभ चावली. परदेशी साहेबाला फोनवर मोठ्या तोऱ्यात दसऱ्याची तारीख देताना त्यांना आदला दिवस आठवलाच नव्हता. खंडेनवमीला बाबरांच्या कारखान्यात पूजा मांडली, यंत्रांना हळदकुंकू लागलं, की दुसऱ्या दिवशी पूजा उठेपर्यंत कुणी कशाला बोट लावायचं नाही. त्यांच्या वडिलांनी घालून दिलेला नियम. लेथला जो नियम तोच कॉम्प्युटरला, तोच डबीला.

"बरं, झालं ते झालं," दादा म्हणाले. "आज संध्याकाळपातूर काढून टाका, विषय संपला. ह्यात पास झालो तर पुढची कामं आपलीच. नापास झालो तर माडीला कुलूप लावून सगळ्यांनी खाली या लोखंड कातायला. काय?"

"तीन पाय काढायचे नाहीत," तेंडोलकर म्हणाले.

आवाज चढला नव्हता, पण नेहमीचाही नव्हता. दादांनी आणि मी एकमेकांकडे बघितलं.

"का ओ?"

"नाही काढायचे. मी त्याची चाल बसवतो."

"जागा कुठे आहे?" मी म्हटलं. "तुम्हीच सांगितलं होतं, आता एक चित्र बसायचं नाही."

"अहो, तीन पायांचं जनावर कुणी बघितलंय का आजवर?" दादा म्हणाले.

तेंडोलकर कॉम्प्युटरकडे वळले. संध्याकाळपर्यंत ते चित्रं इकडची तिकडे करत बसले आणि दर वेळी यंत्र जागा नाही म्हणून सांगत राहिलं. शेवटी झाडलोट सुरू झाली, कॉम्प्युटर पुसून झाले, आणि दादांनी स्वतः डबी त्यांच्या हातातून काढून घेतली.

"परवा सकाळी पूजा उठली की ती ओळ काढायची. तुमच्यानं झालं नाही तर चारू काढंल. मी आता तुमचं ऐकणार नाही."

तेंडोलकर पिशवी उचलून जिना उतरून गेले. सावंतवाडीकडचा माणूस, वर्षभर आमच्याबरोबर काम करत होता, पण घरचं अवाक्षर बोलायचा नाही. एक मुलगी आहे एवढंच आम्हाला ठाऊक. मला त्यांचा रागही आला आणि थोडं वाईटही वाटलं. पण रागच जास्त.

दुसऱ्या दिवशी कारखाना ओळखू येत नव्हता. लेथला झेंडूच्या माळा, ड्रिलला ऊस बांधलेला, पाने-हातोड्या चौरंगावर ओळीने मांडलेल्या. त्यांच्यामधोमध ताम्हनात आमची डबी, वर कुंकवाचं बोट आणि एक झेंडूचं फूल. खंडेनवमीला सगळ्यांनी घरच्यांना घेऊन यायचं, अशी तिथली रीत. कारखान्यातल्या बायामाणसांनी अंगण भरून गेलं होतं.

मी प्रसादाचे द्रोण भरत होते. फाटकातून एक मुलगी तरातरा येताना दिसली. दोन वेण्या, नवा परकर-पोलका, आणि उजव्या हातात कोपरापर्यंत येणारी कुबडी. डावा पाय बारीक होता. तिच्यामागे एका हातात नारळ घेऊन तेंडोलकर, आणि त्यांचा दुसरा हात तिच्या कोपरापाशी धरलेला, शिवत नव्हता, पण सोडतही नव्हता. दगड दिसला की तो हात पुढे व्हायचा.

एका क्षणात सगळं कळलं. लंगड्या, लंगड्या म्हणून मी आठवडाभर जे नाचत होते ते आठवलं, आणि धरणीमाय पोटात घेईल तर बरं असं वाटलं.

मुलगी थेट माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "तुम्ही चारूमावशी ना? खेळातले बग काढणाऱ्या?"

"चुका दुरुस्त करतात तुझे बाबा," मी कसंबसं म्हटलं. "मी नुसती शोधते आणि भांडते."

"मी मनवा. तुम्ही माझ्या तिप्याला लंगड्या म्हणता."

मी हातातला द्रोण तिच्यापुढे धरला.

"मग आहेच तो लंगडा," मनवा म्हणाली. "मीपण बाबांना तेच म्हणते. बाबा ऐकतच नाहीत."

"मनवा, प्रसाद घे," तेंडोलकर घाईने म्हणाले.

"घेते ना. मावशी, डबी कुठाय? तिप्यानं तळं ओलांडलं का ते बघायचंय मला. बाबांनी सुट्टीत डबी घरी आणली होती ना, तेव्हा मी त्याला बनवला. खेळ दुकानात आला की त्यात तिप्या चालणार, असं बाबांनी कबूल केलंय."

मी ताम्हनाकडे बोट दाखवलं. "ती आज देवाला बसलीय. उद्यापर्यंत हात नाही लावायचा."

"मग सांगा. ओलांडलं?"

मी तेंडोलकरांकडे बघितलं. ते नारळाची शेंडी सोलत होते, खाली मान घालून. खोटं बोलायला माझी जीभ वळेना.

"नाही गं. काठावर उभा राहतो. त्याला चालता येईल एवढी जागाच नाही डबीत. दोन पायांची चाल बसली, चार पायांची बसली. तीन पायांची नाही मावत."

मला वाटलं आता रडते. तर ती कपाळाला आठ्या घालून माझ्याकडेच बघायला लागली, मास्तरीण ढ पोराकडे बघते तशी.

"तीन कशाला? चालताना दोनच तर असतात."

"म्हणजे?"

"म्हणजे हे आणि हे एकदम." तिने कुबडी आणि डावा पाय एकाच वेळी पुढे टाकला. "मग हा." उजवा पाय आला. "परत हे आणि हे. मग हा. तिप्या काय करतो, एक टाकतो, मग दुसरा, मग तिसरा, आणि मग चौथ्याची वाट बघत बसतो. बाबा, मी कुठं वाट बघते?"

तेंडोलकरांच्या हातातला नारळ तसाच राहिला.

मी द्रोण खाली ठेवले. "परत चालून दाखव."

तिने दाखवलं. मला दिसत होतं आणि दिसत नव्हतं, इतकी ती भरभर चालायची. मग मी रांगोळीची वाटी उचलली आणि लेथपुढच्या काळ्या तेलकट फरशीवर सगळी पांढरी रांगोळी उधळून टाकली. दादा तिकडून ओरडले, "अगं ए, काय करतीस?"

"गप बसा दादा, या इकडे!"

मालकाला गप बस म्हणायची ती माझी पहिलीच वेळ. दादा मुकाट्याने आले.

मनवा त्या पांढऱ्यावरून चालत गेली. मागे उमटत गेलं ते आम्ही तिघं उकिडवे बसून बघायला लागलो. कुबडीचा गोल टिकलीएवढा ठसा आणि डाव्या पायाचं पाऊल, एका रेषेत, शेजारी-शेजारी. मग पुढे उजवं पाऊल. परत टिकली आणि डावं. परत उजवं. फरशीच्या टोकापर्यंत, एकदाही न चुकता.

"आयला," दादा म्हणाले. "ही तर सरळ दोन टप्प्यांची चाल हाय."

"दोन पायांची चित्रं आपल्याकडे आहेतच," मी म्हटलं. "तिसरा पाय डाव्याला बांधून टाकायचा. डावा उचलला की तोही उचलायचा. नवीन चित्र नको, जागा नको, काही नको! तेंडोलकर, होईल की नाही? बोला की!"

तेंडोलकर त्या टिकल्यांकडे बघत होते. चष्मा काढून त्यांनी सदऱ्याला पुसला, परत घातला, परत काढला.

"रोज तिच्या मागून चालतो मी," ते हळू आवाजात म्हणाले. "ही पडेल म्हणून फक्त समोरचे दगड बघत राहिलो. ती चालते कशी ते कधी बघितलंच नाही."

दादांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"मिरजेला ऑपरेशन झालं, मुंबईला झालं," तेंडोलकर म्हणाले. "प्रत्येक वेळी वाटायचं, पुढच्या वर्षी पाय सुधारेल, मग सगळं नीट सुरू होईल. मीच वाट बघत होतो हो. ही कधीच पुढे गेली होती."

मनवा टोकाला पोचून वळली होती. "बाबा, अजून एकदा चालू का? की झालं?"

"अजून एकदा," मी ओरडले. "आणि तळ्यात कशी जाशील ते दाखव."

अंगणात पाणी जायची चर होती. मनवा काठावर थांबली. कुबडी पुढे करून पाण्यात टेकवली, दाबून बघितली. "पहिली हीच जाणार. खोल किती आहे ते नको का बघायला? मग बाकीचे." आणि एका झोकात पलीकडे. तेंडोलकरांचा हात सवयीने पुढे झाला होता. तो त्यांनी मागे घेतला आणि खिशात घातला.

मला आत्ताच्या आत्ता वर पळायचं होतं. दादा जिन्याच्या पायरीवर आडवे आले. "पूजा उठल्याबिगर कुणी हात लावायचा न्हाई."

"दादा, एका तासाचं काम आहे!"

"मग उद्या एक तास कर. आज यंत्रांची सुट्टी. आमच्या बापानं पुराचं पाणी आत आलं तेव्हा बी नियम मोडला न्हाई." मग त्यांनी मनवाकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "आज काम झालंय की गं. यंत्राला हात न लावता झालंय."

खरंच होतं. मग आम्ही त्या दुपारी रांगोळीवर फिरत राहिलो. वळताना काय होतं, चढावर काय होतं, घाई असली की काय होतं. मनवा चालायची आणि मी प्रसादाच्या कागदावर रेघोट्या मारायचे. तिची आई बँकेतून परस्पर आली तेव्हा मुलगी पांढरीफटक, नवरा पांढराफटक, आणि फरशीवर पिठाची गिरणी सांडल्यासारखं सगळं. ती बिचारी फाटकातच थबकली. मग हसायला लागली.

दसऱ्याला सकाळी दादांनी अक्षता टाकून पूजा हलवली, डबीवरचं कुंकू खिशातल्या रुमालाने पुसलं आणि ती तेंडोलकरांच्या हातात दिली. ते बसले ते उठलेच नाहीत. काम झालं आणि त्यांनी डबी माझ्याकडे सरकवली. पहिल्यांदा तेच बोलले.

"शोधा चूक."

मी शोधली. मी मनापासून शोधली, कारण तिथे दयामाया दाखवली असती तर त्या पोरीने मला कधीच माफ केली नसती. तिप्याला मी उतारावरून पळवला, खडकावर चढवला, उलटा फिरवला. तिसरा आणि डावा एकदम, मग उजवा. कुठे अडखळणं नाही, कुठे थांबणं नाही. तळं आलं. दादा माझ्या खांद्यावरून वाकले होते, त्यांचा श्वास ऐकू येत होता. तिप्याने तिसरा पाय पुढे करून पाण्यात टेकवला, दाबून बघितला आणि गेला.

"गेला की रं!" दादा एवढ्याने ओरडले की खालून दोन कामगार काय पडलं म्हणून जिना चढून आले.

दुपारी माल वेळेत गेला. दोन दिवसांनी साहेबाचा फोन आला. म्हणाला, बाकी सगळं ठीक आहे, पण तो तीन पायांचा चालतो तसा तर आमच्या कॉम्प्युटरवरच्या खेळातसुद्धा चालत नाही, हे तुम्ही केलंत कसं? दादांनी फोनवर हात ठेवून मला विचारलं, "काय सांगू?" मी म्हटलं, "सांगा, रांगोळीने."

पण ते नंतरचं. दसऱ्याच्या संध्याकाळी मनवा आपट्याची पानं घेऊन माडीवर आली. जिन्याच्या पायऱ्या तिने एकटीने चढल्या, मला आवाज ऐकू येत होता. मागोमाग तेंडोलकर.

"सोनं घ्या, सोन्यासारखं राहा," ती म्हणाली, आणि पान हातात पडायच्या आत, "ओलांडलं?"

मी डबी उघडून तिच्यापुढे धरली. तिने कुबडी टेबलाला टेकवून ठेवली आणि खुर्चीत बसून तिप्याला तळ्यापलीकडे नेला. परत अलीकडे आणला. परत पलीकडे नेला. तेंडोलकर दारात उभे होते. कधी नव्हे ते मला त्यांचं मन दिसत होतं. दादांच्या आणि साहेबांच्या होकाराची त्यांना पर्वा नव्हती, याच एका उत्तरासाठी ते थांबले होते.

"काय गं?" मी विचारलं. "लंगडतो का अजून?"

"लंगडतो," मनवा म्हणाली. "पण आता बरोबर लंगडतो."

तिने डबी मिटली, माझ्या हातात दिली आणि कुबडी उचलली. "चला बाबा, आईने बाहेर रिक्षा थांबवलीय."

मी खिडकीतून बघत होते. दोघं अंगणातून चालले होते. फरशीवरची रांगोळी पुसून झाली होती, झेंडूच्या पाकळ्या तेवढ्या सांडलेल्या होत्या. चर आली. मनवाने कुबडी टेकवली आणि गेली पलीकडे. तेंडोलकर तिच्या मागे नव्हते. शेजारून चालत होते, तिच्या पावलाला पाऊल जुळवत, आणि त्यांचे दोन्ही हात खिशात होते.